न भिजवलेला स्कर्ट : एमा लिव्री प्रकरण, पॅरिस १८६२

१५ नोव्हेंबर १८६२ रोजी पॅरिसच्या ल पेलतिए रस्त्यावरील ऑपेरागृहात ओबेर यांच्या ‘ला म्यूएत द पोर्तिची’ या संगीतिकेची तालीम चालू होती. त्या संगीतिकेतील फेनेला ही मुकी कोळीण गात नाही, ती केवळ अभिनयातून बोलते, म्हणून ही भूमिका नर्तकीकडे देण्याचा प्रघात होता आणि या वेळी ती एमा लिव्री या वीस वर्षांच्या नर्तकीला मिळाली होती. दुसऱ्या अंकात आपल्या प्रवेशाची वाट पाहताना एमा रंगमंचावरील एका उंचवट्यावर बसायला गेली. खळ घातलेला स्कर्ट अंगाखाली दबला की त्याची उभारी मोडते, त्यामुळे बसण्यापूर्वी त्याचे थर उचलून झटकायचे, ही प्रत्येक नर्तकीच्या हाताला लागलेली सवय होती, आणि तिनेही तेच केले. त्या झटक्याने हवा हलली, जवळच्या गॅसबत्तीची ज्योत कापडाकडे ओढली गेली आणि कोणाला काही कळायच्या आत स्कर्टाने पेट घेतला.

पाहणाऱ्यांच्या सांगण्यानुसार ज्वाळा तिच्या उंचीच्या दुपटी-तिपटीने वर गेल्या. ती घाबरून रंगमंचभर धावली आणि धावण्यामुळे आगीला अधिकच हवा मिळाली. अखेर ड्यूटीवरील एका अग्निशामक जवानाने तिच्यावर घोंगडी टाकून आग विझवली. सगळ्यांसमोर अंग उघडे पडेल या लाजेने ती जळते कापड अंगाशी धरू पाहत होती, असेही नोंदलेले आहे. चेहरा वाचला, परंतु मांड्या, कंबर, पाठ, खांदे आणि दंड गंभीर भाजले. त्यानंतर ती आठ महिने जगली आणि २६ जुलै १८६३ रोजी तिचा मृत्यू झाला.

नृत्याच्या इतिहासात ही घटना सहसा एका विशिष्ट पद्धतीने सांगितली जाते. अग्निरोधक द्रावणात भिजवलेला स्कर्ट वापरण्याचा नियम होता, तो दिसायला चांगला नाही म्हणून एमाने नाकारला आणि त्याची किंमत तिने मोजली, असा त्या कथनाचा सारांश असतो. त्यातील प्रत्येक विधान खरे आहे. तरीही त्यातून निघणारा ‘तिच्या हट्टामुळे घडले’ हा निष्कर्ष मला अन्यायकारक वाटतो, आणि तो का वाटतो हे सांगण्यासाठी हा स्कर्ट कसा घडला, तो कशामुळे पेटला आणि तो घालण्याचा निर्णय प्रत्यक्षात कोणाचा होता, हे तिन्ही पाहावे लागते.

पांढऱ्या घेराचा जन्म

बॅलेचा पोशाख सुरुवातीला जड होता. चौदाव्या लुईच्या दरबारातील नृत्यनाट्यांत जरीकाम, पिसांचे शिरपेच, मुखवटे आणि उंच टाचांचे जोडे वापरले जात, कारण त्या नृत्याचा हेतू पदन्यासाइतकाच वैभवाचे दर्शन हाही होता. व्यावसायिक नर्तकी १६८१ मध्ये ऑपेराच्या रंगमंचावर आल्या तेव्हा त्यांनी दरबारी स्त्रियांचाच वेश घेतला आणि जमिनीपर्यंत लोळणाऱ्या घेराखाली त्यांचे पाय दिसेनासे झाले. पुढे मारी कामार्गो हिने हवेत पाय एकमेकांवर आपटण्याचे कौशल्य लोकांना दिसावे म्हणून स्कर्ट घोट्याच्या वर घेतला. तिचीच समकालीन मारी साले हिने १७३४ मध्ये लंडनमध्ये ‘पिग्मॅलियन’ सादर करताना घेराचा सांगाडाच काढून टाकला आणि ती साध्या मलमलीच्या वस्त्रात नाचली. एकीला पाय दाखवायचे होते, तर दुसरीला देहाची सहज हालचाल. बॅलेच्या पोशाखाचा पुढचा सगळा प्रवास या दोन गरजांमधूनच झाला आहे.

या प्रवासातला निर्णायक दिवस म्हणजे १२ मार्च १८३२. त्या दिवशी याच ल पेलतिए रंगमंचावर फिलिप्पो ताल्योनी यांनी रचलेले ‘ला सिल्फीद’ सादर झाले आणि त्यांची कन्या मारी ताल्योनी वायुकन्येच्या भूमिकेत उतरली. घट्ट चोळी, उघडे खांदे, पाठीवर लहानसे पंख आणि गुडघा व घोटा यांच्या मधोमध संपणारा, घंटेच्या आकाराचा पांढरा तलम स्कर्ट असा तिचा वेश होता. त्याच्या आरेखनाचे श्रेय सामान्यतः चित्रकार युजेन लामी यांना दिले जाते. १८४१ मध्ये ‘जिझेल’ आले तोवर हा वेश इतका रुजला होता की या प्रकारच्या नृत्यनाट्याला ‘पांढरे बॅले’ असेच म्हटले जाऊ लागले. आज ज्याला रोमँटिक टूटू म्हणतात तो हाच वेश, मात्र त्या काळी ‘टूटू’ हा शब्द प्रचारात नव्हता.

हा स्कर्ट जवळून पाहिला तर त्याची करामत कापडात आहे हे लक्षात येते. विरळ विणीची मलमल, टारलाटान हे त्याहून विरळ सुती कापड, आणि जाळी यांचे अनेक थर कमरपट्टीवर बारीक चुण्या घालून शिवलेले असत. मलमल ही मूळची बंगालची मिरास, परंतु त्या काळापर्यंत युरोपातील गिरण्यांचे कापड मुबलक मिळू लागले होते. जॉन हीथकोट यांनी १८०८-०९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रामुळे, पूर्वी हाताने विणली जाणारी जाळी यंत्रावर निघू लागली आणि स्वस्त झाली. प्रत्येक थराला खळ दिलेली असे. थरांमध्ये हवा राहिली तरच घेर फुगतो, आणि नर्तकी उडी मारून खाली येते तेव्हा तो तिच्यापेक्षा किंचित उशिरा खाली बसतो. या निमिषभराच्या उशिरामुळे पाहणाऱ्याला ती हवेत तरंगल्यासारखी वाटते. म्हणजे हे कापड केवळ वेश नव्हते, ते नर्तकीच्या कौशल्याचाच एक भाग होते.

कापड आणि ज्योत

ज्या रचनेमुळे तरंगण्याचा आभास होतो, तीच रचना आगीलाही हवी असते. विरळ विणीत प्रत्येक धाग्याला चारी बाजूंनी हवा लागते, बारीक धागा क्षणात तापतो आणि एकावर एक असलेल्या थरांमधल्या पोकळीतून ज्वाळा धुराड्यातल्यासारखी वर चढते. खळ हीसुद्धा ज्वलनशील असते. जाड लोकरीचा अंगरखा धुमसतो, पण खळ घातलेली मलमल भडकते. अशा घेराच्या आत असलेल्या व्यक्तीला तो उतरवायला वेळच मिळत नाही, कारण चोळी आणि स्कर्ट मागून घट्ट बांधलेले असतात.

त्यातच उजेड गॅसचा होता. पॅरिस ऑपेरात १८२२ मध्ये गॅसबत्त्या आल्या, आणि वायुकन्या, पऱ्या, मृतात्मे यांचे चांदण्यातले जग त्यांच्या मंद करता येणाऱ्या प्रकाशामुळेच रंगमंचावर साकारता आले. हा योग विसरता कामा नये. पांढरा तलम घेर आणि गॅसचा मंद उजेड हे एकाच कल्पनेचे दोन भाग होते, आणि त्या दोहोंना एकमेकांपासून दूर ठेवणे म्हणजे ते दृश्यच मोडणे होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, विंगांमध्ये आणि देखाव्यांच्या मागे उघड्या ज्योती होत्या, आणि त्यांच्यामधून मोठ्या घेराचे स्कर्ट फिरत होते.

त्यामुळे एमाचा अपघात अनपेक्षित नव्हता. १४ डिसेंबर १८४४ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेबस्टर या नर्तकीचा स्कर्ट प्रयोग चालू असतानाच पेटला. तिच्यासोबतच्या नर्तकी मदतीला धावू शकल्या नाहीत, कारण त्यांच्याही अंगावर तेच कापड होते. तीन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. १४ सप्टेंबर १८६१ रोजी फिलाडेल्फियाच्या कॉन्टिनेंटल थिएटरात कपडे बदलण्याच्या खोलीत एका नर्तकीचा पोशाख गॅसबत्तीने पेटला, तिला वाचवायला गेलेल्या बहिणी आणि सहकारी एकामागून एक पेटत गेल्या, आणि किमान सहा तरुणींचा जीव गेला. पॅरिसच्या व्यवस्थापनाला हा धोका ठाऊक होता, आणि फ्रान्सच्या सरकारलाही ठाऊक होता.

उपाय होता, पण कसा होता?

कापड अग्निरोधक करता येते हे फ्रान्समध्ये चाळीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी १८२१ मध्ये नाट्यगृहातील कापडासाठी अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार यांसारख्या क्षारांची उपयुक्तता दाखवून दिली होती. पुढे झाँ-आदोल्फ कार्तेराँ यांनी तुरटी व बोरिक आम्ल असलेल्या द्रावणात कापड भिजवण्याची पद्धत पुढे आणली, आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीने फर्मान काढून नाट्यगृहांतील देखावे व पोशाख या पद्धतीने अग्निरोधक करणे बंधनकारक केले.

कागदावर प्रश्न सुटला होता, पण कापडावर सुटलेला नव्हता. द्रावणात भिजवलेले कापड वाळल्यावर राठ, जड आणि मळकट दिसे. खळीमुळे कापडाला उभारी येते, उलट क्षारांमुळे ते वजनाने लोंबते. ज्या निमिषभराच्या उशिराचा उल्लेख वर केला, तोच अशा स्कर्टातून नाहीसा होत होता. शिवाय हे क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने प्रत्येक धुण्यानंतर स्कर्ट पुन्हा भिजवावा लागे, आणि घामाने भिजणारा नर्तकीचा पोशाख धुतल्यावाचून चालत नाही. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास व्हर्समन आणि ओपनहाइम या रसायनशास्त्रज्ञांनी इस्त्री सहन करू शकेल अशा सोडियम टंगस्टेटची शिफारस केली होती. अधिक चांगल्या उपायाचा शोध शक्य होता याचा हा पुरावा आहे. पॅरिसच्या फर्मानाने मात्र एकच पद्धत नेमून दिली, आणि ती न वापरल्यास काय करायचे हे प्रत्यक्षात नाट्यगृहावर सोडले.

सतरा वर्षांच्या मुलीचे पत्र

एमाचा जन्म २४ सप्टेंबर १८४२ चा. तिची आई सेलेस्तीन एमारो हीदेखील ऑपेरात नर्तकी होती. एमाने १८५८ मध्ये ऑपेरात पदार्पण केले ते थेट ‘ला सिल्फीद’च्या प्रमुख भूमिकेतून, आणि तेव्हा तिने नुकतीच सोळा वर्षे पूर्ण केली होती. निवृत्त झालेल्या मारी ताल्योनी यांचे लक्ष तिच्याकडे गेले, त्या पॅरिसला परतल्या आणि त्यांनी तिला शिष्या मानले. तिच्यासाठी ताल्योनींनी ‘ल पापियाँ’ म्हणजे ‘फुलपाखरू’ हे बॅले रचले. त्याला संगीत ऑफेनबाख यांचे होते आणि पहिला प्रयोग २६ नोव्हेंबर १८६० रोजी झाला. ताल्योनी यांनी रचलेले हे एकमेव मोठे बॅले. त्यातील नायिका मंत्राने फुलपाखरू झालेली असते आणि मशालीच्या ज्योतीकडे ओढली जाऊन तिचे पंख होरपळतात. दोन वर्षांनंतरच्या घटनेशी असलेल्या या साम्याचा मोह अनेक लेखकांना आवरलेला नाही. मला मात्र हे साम्य घातक वाटते, कारण त्यामुळे नाट्यगृहातील एका कामगाराचा अपघात नियतीच्या कथेत विरघळून जातो आणि जबाबदारीचा प्रश्न उरतच नाही.

या प्रकरणाचा गाभा ‘ल पापियाँ’च्या तयारीच्या काळात आहे. ऑगस्ट १८६० मध्ये एमाने ऑपेराच्या संचालकांना एक पत्र लिहिले. नव्या बॅलेच्या सुरुवातीच्या प्रयोगांत आपण नेहमीच्याच स्कर्टात नाचण्याचा आग्रह धरत आहोत आणि त्यातून जे काही घडेल त्याची संपूर्ण जबाबदारी आपण स्वतःवर घेत आहोत, असा त्याचा आशय होता. तिच्या हट्टाचा पुरावा म्हणून हे पत्र उद्धृत केले जाते.

तारखा शेजारी मांडल्या तर ते वेगळे दिसू लागते. पत्र लिहिताना तिला अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. फ्रान्सच्या नागरी संहितेनुसार सज्ञानतेचे वय एकवीस होते, म्हणजे जिला स्वतःच्या नावावर साधा व्यवहारही करता आला नसता अशा मुलीने आपल्या मृत्यूची जबाबदारी लेखी घेतली, आणि शासनाचे फर्मान लागू असलेल्या संस्थेने ती घेऊ दिली. (मृत्यूच्या वेळीही तिचे वय वीस वर्षे दहा महिने होते. ती कायद्याने सज्ञान कधी झालीच नाही.) नियम बंधनकारक असेल तर त्यातून सूट देण्याचा अधिकार नर्तकीला नसतो, आणि तिने ती मागितली तर नकार देणे हे संचालकांचे काम असते. त्या पत्राचा खरा उपयोग तिला सूट मिळवून देण्यापेक्षा संस्थेला मोकळे करण्यासाठी झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिने ती सूट का मागितली हेही समजून घेतले पाहिजे. एमाची ख्याती होती ती तिच्या हलकेपणासाठी. ती आवाज न करता उतरते, जमिनीला स्पर्श करते की नाही ते कळत नाही, असे तिच्याविषयी लिहिले जात होते. ताल्योनींची वारसदार म्हणून तिच्याकडे पाहिले जात होते, आणि ती वारसदार ठरणार होती ती नेमक्या त्या तरंगणाऱ्या पांढऱ्या घेरात. ऑपेराचे वर्गणीदार, समीक्षक, दरबार हे सगळे तिला त्याच रूपात पाहायला येत होते. राठ, पिवळट स्कर्टात नाचणे म्हणजे तिच्या लेखी आपली कलाच जड करून घेणे होते. सतारीच्या तारा गंज लागू नये म्हणून मेणात बुडवाव्या लागतील असे एखाद्या वादकाला सांगितले, तर तो सूर बिघडण्याच्या भीतीनेच नकार देईल. एमाच्या नकाराची जात तीच होती. अपघातानंतर अंथरुणावर असतानाही तिने भिजवलेले स्कर्ट कमी धोक्याचे असतात हे मान्य केले, पण रंगमंचावर परतलेच तर ते वापरणार नाही, ते फार कुरूप असतात, असे म्हटल्याचे सांगितले जाते. या वाक्याला गर्व म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तिला त्याशिवाय तिसरा पर्याय कोणी दिलेलाच नव्हता. एकीकडे सुरक्षित पण निरुपयोगी स्कर्ट होता, दुसरीकडे उपयोगी पण प्राणघातक स्कर्ट होता, आणि ज्योती कोणी हलवत नव्हते.

आठ महिने आणि त्यानंतर

तिच्यावर झालेल्या उपचारांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण वैद्यकाच्या हाती तेव्हा फारसे काही नव्हते. जंतुनाशक पद्धतीविषयी लिस्टर यांचे लेख १८६७ चे आहेत, आणि पॅरिसमध्येच रेव्हर्दां यांनी त्वचारोपणाचा प्रयोग केला तो १८६९ मध्ये. या दोन्ही गोष्टी एमाला काही वर्षांच्या फरकाने मिळाल्या नाहीत. तिने असह्य वेदना शांतपणे सोसल्याचे अनेकांनी लिहिले आहे. उन्हाळ्यात प्रकृती सुधारल्यासारखी वाटली म्हणून तिला शहराबाहेर नेउयीला हलवण्यात आले, त्या प्रवासात जखमा पुन्हा उघडल्या आणि संसर्ग रक्तात पसरून तिचा अंत झाला. नोत्रदाम-द-लोरेत चर्चमध्ये अंत्यविधी झाला आणि माँमार्त्रच्या दफनभूमीत तिला मूठमाती देण्यात आली.

त्यानंतर खबरदारीचे उपाय वाढले, पण ते सावकाश वाढले. विंगेत ओल्या घोंगड्या आणि पाण्याच्या बादल्या ठेवणे, पुढच्या दिव्यांना तारेच्या जाळ्या बसवणे असे हे उपाय होते. इंग्लंडमध्ये १८६४ मध्ये लॉर्ड चेंबरलेन या, नाट्यगृहांवर देखरेख करणाऱ्या दरबारी अधिकाऱ्याच्या कार्यालयाने नाट्यगृहांसाठी अशा सूचना काढल्या. ल पेलतिएचे ऑपेरागृह स्वतः ऑक्टोबर १८७३ मध्ये आगीत भस्म झाले. १८७५ मध्ये उघडलेल्या वास्तुविशारद गार्निए यांच्या नव्या ऑपेरागृहात १८८१ पासून वीज येऊ लागली, त्याच वर्षी लंडनचे सॅव्हॉय थिएटर पूर्णपणे विजेवर उजळले, आणि नर्तकीच्या स्कर्टाभोवतीची उघडी ज्योत हळूहळू नाहीशी झाली. कापड बदलण्याचा प्रयत्न दोन दशके अडला होता, दिवा बदलल्यावर तो प्रश्नच राहिला नाही.

याच काळात स्कर्ट आखूड होत गेला. त्याचे कारण तांत्रिक आहे. इटालियन पद्धतीत शिकलेल्या नर्तकी अधिक अवघड गिरक्या आणि पायांची अधिक गुंतागुंतीची कामे करू लागल्या होत्या, आणि ती दिसण्यासाठी गुडघे मोकळे हवे होते. व्हर्जिनिया झुक्की हिने १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये आखूड स्कर्टाचा आग्रह धरला, आणि तिच्यानंतर पिएरिना लेन्यानी हिने १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये एका पायावरच्या बत्तीस गिरक्या घेतल्या तेव्हा लांब घेरात त्या दिसल्याच नसत्या. ‘टूटू’ हे नावही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. फ्रेंच बोबड्या बोलीतल्या, ढुंगणासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दावरून ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

आजचा आडवा टूटू शिवताना जाळीचे दहा ते चौदा थर लागतात. सर्वांत आतला थर सर्वांत आखूड असतो, वर जावे तसे थर रुंद होत जातात, आणि ते एकमेकांना सैल टाक्यांनी अडकवलेले असतात, म्हणजे सगळे थर एकत्र हलतात पण चिकटत नाहीत. काही टूटूंत मधल्या एका थरातून लवचिक तार ओवलेली असते. वापरून झाल्यावर तो उलटा करून ठेवतात किंवा टांगतात, कारण सरळ ठेवला तर जाळी खाली झुकते. न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार बालांचिन यांच्या ‘सिंफनी इन सी’साठी पोशाखकार कारिन्स्का यांनी १९५० मध्ये तार काढून टाकून आखूड, मऊ, पावडर लावायच्या पफसारखा टूटू तयार केला, कारण रंगमंचावर गर्दी झाली की तारेच्या कडा एकमेकांवर आदळून वर उचलल्या जात. नर्तकीने केलेली तक्रार ऐकायची आणि तिच्या हालचालीसाठी पोशाखाची रचनाच बदलायची, ही पद्धत तोवर शिवणाऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. कार्तेराँच्या द्रावणात भिजवलेल्या स्कर्टाविषयीची तक्रारही एमाने लेखी केली होती, आणि तिचे उत्तर म्हणून तिची सही तेवढी ठेवून घेण्यात आली.

१५ नोव्हेंबरला आग विझल्यावर त्या पोशाखाचे जे काही काळवंडलेले तुकडे उरले, ते पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत.